फूल आत, फुलवाला बाहेर

केडगावात बसून पुण्यातल्या नातेवाइकांना ताजी फुले पाठवायची असतील तर आता मोबाईलवर पाच मिनिटांचे काम आहे. गुच्छ निवडायचा, पत्ता टाकायचा, पैसे भरायचे. दुपारपर्यंत फुले दारात. पुष्कळांना वाटते की फुले इथून तिथे गेली. प्रत्यक्षात केडगावातून एक पाकळीही हललेली नसते. जातो तो फक्त निरोप. पुण्यात त्या पत्त्याजवळचा कुणी फुलवाला तो निरोप वाचतो, आपल्या बादलीतली फुले उचलतो, गुच्छ बांधतो आणि कामावरच्या पोराच्या हाती पाठवून देतो. पाठवणाऱ्याने त्या फुलवाल्याला पाहिलेले नसते. त्याचे नाव, गाव, जात, धर्म काही ठाऊक नसते आणि कुणी विचारतही नाही. फुले ताजी असावीत आणि वेळेवर पोहोचावीत, एवढीच अपेक्षा.

मी ज्या केडगावाबद्दल लिहिते आहे ते दौंडजवळचे, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचे केडगाव नव्हे. हे नगर शहराला लागून, पुणे रस्त्यावरचे केडगाव. रेणुकामातेच्या मंदिरामुळे नवरात्रात इथे पाय ठेवायला जागा नसते. जवळच अकोळनेर आहे. त्या पट्ट्यात झेंडू, शेवंती, ॲस्टर यांची शेती कित्येक वर्षे चालते. पहाटे तोडणी, मग क्रेट किंवा पोत्यात भरणी, मग टेम्पो. फूल हा माल थांबत नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ज्या झेंडूला भाव असतो, तोच झेंडू दसऱ्याच्या संध्याकाळी शेतकरी रस्त्याच्या कडेला ओतून जातो. म्हणून फुलांच्या धंद्यात अंतर आणि वेळ या दोनच गोष्टी खऱ्या. माणूस कोण, हा प्रश्न धंदा विचारत नाही.

पण समाजाने तो विचारला आहे. पूर्वी विचारला, आजही विचारतो. फूल हवे, फूल आणणारा नको, अशी आपली एक जुनी रीत आहे. तिचा इतिहास थोडा तपासावा म्हणून हा लेख.

निरोप जातो, फूल जात नाही

दूरच्या माणसाला जवळच्या फुलवाल्याकरवी फुले पोहोचवायची ही पद्धत पश्चिमेत विसाव्या शतकाच्या आरंभी बांधली गेली. १९०८ साली बर्लिनमध्ये माक्स ह्यूब्नर या फुलवाल्याच्या पुढाकाराने जर्मन फुलवाल्यांची एक संघटना झाली. तीच पुढे फ्लोरॉप या नावाने ओळखली गेली. १९१० साली अमेरिकेतल्या फुलवाल्यांनी तारेचा उपयोग करून असेच जाळे उभारले. न्यूयॉर्कच्या गिऱ्हाइकाने दुकानात पैसे भरायचे, दुकानदाराने शिकागोच्या दुकानाला तार करायची, शिकागोच्या दुकानाने फुले द्यायची, आणि दोन्ही दुकानांनी पैसे ठरल्याप्रमाणे वाटून घ्यायचे. १९२३ पासून ब्रिटनमधले फुलवालेही त्यात येऊ लागले. पुढे इंटरफ्लोरा हे नाव जगभर झाले. आपल्याकडे १९९४ साली दिल्लीत फर्न्स एन पेटल्स सुरू झाले आणि इंटरनेट आल्यावर असल्या सेवा गावोगावी पोहोचल्या. आता नगरच्या आईला अमेरिकेतला मुलगा वाढदिवसाची फुले पाठवतो, तेव्हा ती नगरच्याच दुकानातून येतात.

या जाळ्याचे खरे भांडवल तार नव्हती आणि इंटरनेटही नाही. खरे भांडवल म्हणजे अनोळखी माणसाचा भरवसा. शिकागोच्या दुकानदाराने शिळी फुले दिली तर न्यूयॉर्कच्या दुकानदाराची पत जाते. म्हणून एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांनी एकमेकांचा शब्द सांभाळायचा, हा त्या धंद्याचा पाया आहे.

आपल्याकडे हे नवे आहे असे मात्र कुणी समजू नये. तार नव्हती, पण घरपोच फूल होते.

रतीब

मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. त्यामुळे एखादा शब्द एका तासाला एका भाषेत आणि पुढच्या तासाला दुसऱ्या भाषेत भेटतो. 'रतीब' हा तसा शब्द. मराठी घरात दुधाचा रतीब असतो, फुलांचा रतीब असतो. शब्द मूळचा अरबी, 'रातिब', म्हणजे ठरलेले, नेमाचे. उर्दूत रोजच्या ठरलेल्या शिध्याला रातिब म्हणतात. मराठीत तो इतका मुरला की आज तो परका आहे असे कुणाला वाटत नाही.

पुण्या-मुंबईत फुलपुडीची पद्धत अजून टिकून आहे. पानात किंवा कागदात बांधलेली थोडी फुले, दूर्वा, कधी बेल. उजाडायच्या आत फुलपुडीवाला ती दाराच्या कडीला अडकवून जातो. महिन्याच्या शेवटी हिशेब. घरातल्यांना त्याचा चेहराही नीट माहीत नसतो, कारण तो येतो तेव्हा घर झोपलेले असते. दूरच्या गावी फुले पाठवणाऱ्या आजच्या सेवेचे हे आपले घरगुती रूप. भरवसा तोच.

फुलांच्या बाजारात अर्धा तास उभे राहिले तरी भाषेची सरमिसळ कानावर येते. 'हमाल' आणि 'दलाल' अरबीतून आले, 'बाजार' फारसीतून, 'लिलाव' पोर्तुगीजांकडून. 'गुलाब' हा शब्द फारसीत मुळात गुलाबपाण्याचा. 'गुल' म्हणजे फूल आणि 'आब' म्हणजे पाणी. मराठीत पाणी बाजूला राहिले आणि फुलालाच गुलाब म्हणू लागले. आपल्या शेवंतीला उर्दूत गुलदाऊदी म्हणतात, म्हणजे दाऊद पैगंबरांच्या नावाचे फूल. आणि ज्या झेंडूवाचून दसरा होत नाही, तो मूळचा मेक्सिकोकडचा. पोर्तुगीज काळात समुद्रावरून आला आणि आता देवीच्या गळ्यात आहे. गुलछडीचीही गोष्ट तीच. फुलांना आपण कधी विचारले नाही की तुम्ही कुठले.

नगर शहराची तर सुरुवातच बागेपासून आहे. १४९० साली मलिक अहमदने बहमनी फौजेचा पराभव केला आणि विजयाच्या जागेवर बाग लावली. तिचे नाव बाग निजाम. पुढे हुसेन निजामशहाच्या काळात तिथे दगडी भुईकोट किल्ला झाला. या मलिक अहमदचे वडील पाथरीच्या ब्राह्मण घरात जन्मलेले. शहराच्या आसपास हश्त बिहिश्त बाग झाली, फराहबाग झाली. फराहबागेतला महाल सलाबतखानाने १५८३ साली पुरा केला. अहमद निजामशहाची कबर जिथे आहे त्या जागेचे नावही बागरोजा, म्हणजे बागेतली कबर. कोरड्या मुलखात या बागांसाठी टेकड्यांकडून खापरी नळांनी पाणी आणले गेले. सुलतानांची, वजिरांची, सरदारांची नावे इतिहासात राहिली. झाडांना पाणी देणाऱ्या माळ्यांची नावे राहिली नाहीत. फुलांच्या इतिहासातले हे पहिले 'बाहेर'.

गोऱ्ह्यांचे फुले झाले

घरपोच फुले देणाऱ्या एका मराठी घराण्याचे नाव मात्र इतिहासात राहिले, आणि असे राहिले की त्यावाचून महाराष्ट्राचा इतिहास लिहिता येत नाही.

सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचे गोऱ्हे. गावातल्या तंट्यामुळे घर सोडून ते पुरंदरकडे खानवडीला आले. त्यातले शेटिबा पुढे पुण्यात आले. त्यांची तीन मुले, राणोजी, कृष्णा आणि गोविंद. ही भावंडे पुण्यात फुलांचे काम शिकली आणि पेशव्यांच्या दरबारी फुले पुरवू लागली. हार, गजरे, फुलांच्या गाद्या. काम इतके नामी की सरकारातून ३५ एकर जमीन इनाम मिळाली. लोक त्यांना 'फुले' म्हणू लागले आणि गोऱ्हे हे आडनाव मागे पडले. पुढे थोरल्या राणोजीने ती जमीन एकट्याच्या नावावर करून घेतली. गोविंदरावांनी मग पुण्यात फुलांचे आणि भाजीचे दुकान थाटले. त्यांना १८२७ साली मुलगा झाला. तो जोतीराव.

जोतीरावांची शाळा मध्येच सुटली होती. माळ्याच्या पोराला शिकून काय करायचे, असा सल्ला गोविंदरावांना देणारे होते आणि त्यांनी तो ऐकलाही होता. पोराच्या हाती खुरपे आले. ही शाळा पुन्हा सुरू झाली ती दोन शेजाऱ्यांमुळे. एक फारसीचे जाणकार मुन्शी गफार बेग आणि दुसरे लिजिट नावाचे ख्रिस्ती गृहस्थ. या दोघांनी गोविंदरावांचे मन वळवले आणि १८४१ साली जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. मुस्लिम वाचकांना हे पुन्हा पुन्हा सांगावेसे वाटते, कारण गफार बेगांचे नाव आमच्याच मुलांना ठाऊक नसते.

१८४८ साली जोतीराव एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत गेले. शूद्र असून आमच्या बरोबरीने चालतोस, असे म्हणून तिथे त्यांचा अपमान झाला. हा प्रसंग सगळ्यांना माहीत आहे. मला त्यातली फुलांची बाजू पाहावीशी वाटते. ज्या घराण्याला फुलांवरून नाव मिळाले, ज्याच्या हातचे हार सत्तेच्या गळ्यात पडले, त्या घराण्यातल्या तरुणाला वरातीत चालण्याचा हक्क नव्हता. वरातीतल्या हारांना मात्र कुणी विचारले नसेल की तुम्हाला गुंफले कुणी. फुलांना देवघरापर्यंत वाट होती. फुलांचे नाव लावणाऱ्या माणसाला रस्त्यावरही अडवले गेले.

जोतीरावांनी त्याचे उत्तर त्याच वर्षी पुण्यात मुलींची शाळा काढून दिले, आणि त्या उत्तराची एक वाट आमच्या नगरवरून जाते. अमेरिकन मिशनच्या सिंथिया फॅरार नगरला मुलींच्या शाळा चालवत होत्या. जोतीरावांनी त्यांची शाळा पाहिली होती. सावित्रीबाईंचे अध्यापनाचे शिक्षणही फॅरारबाईंकडे नगरला झाले. मी बी.एड. केले तेव्हा शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत परदेशी नावे खूप होती. आपल्या गावावरून गेलेली ही वाट कुणी दाखवली नव्हती.

१८४९ साली गोविंदरावांनी समाजाच्या दबावाखाली मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढले. तेव्हा त्यांना आसरा दिला तो गंज पेठेतल्या उस्मान शेख यांनी. फातिमा शेख सावित्रीबाईंच्या सोबतीण. २०२५ च्या आरंभी फातिमा शेख हे पात्रच काल्पनिक आहे असा दावा समाजमाध्यमांवर गाजला. सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. आपल्या गैरहजेरीत फातिमाला कामाचा त्रास पडत असेल, ही काळजी त्या पत्रात आहे. एका शिक्षिकेने दुसरीची केलेली अशी काळजी मला कुठल्याही जयंतीच्या भाषणापेक्षा मोठी वाटते.

सावित्रीबाईंचा पहिला कवितासंग्रह १८५४ चा. त्याचे नाव 'काव्यफुले'. त्यात पिवळा चाफा, जाई, गुलाब यांच्यावर कविता आहेत. फुलांच्या घरात सून म्हणून आलेल्या बाईने फुले शब्दांत आणली. जोतीरावांनी आयुष्याच्या अखेरीस 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १८९१ साली, प्रसिद्ध झाले. त्यात पूजेची चर्चा आहे आणि तिथे फुलांचा प्रश्न आला आहे. निर्मिकाने फुले माणसांच्या उपभोगासाठी निर्माण केली, मग ती परत त्यालाच वाहण्यात काय अर्थ, असा त्यांच्या विचाराचा रोख आहे. पेशव्यांना फुले पुरवणाऱ्या घराण्याचा नातू हे म्हणतो. देवाला फुलांची गरज नाही, फुले माणसांसाठी आहेत. तौहीद मानणाऱ्या माझ्यासारखीला हे ओळखीचे वाटते.

आमच्या दारातले 'बाहेर'

इथपर्यंत वाचून मुस्लिम वाचकाने 'हे त्यांच्यातले आहे, आमच्यात नाही' असे म्हणून समाधान मानू नये.

कबरीवर फुले वाहावीत की नाही, यावर आमच्यात जुना मतभेद आहे. पैगंबरांनी खजुराची ओली फांदी दोन भाग करून दोन कबरींवर लावली, ही हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्ही संग्रहांत आहे. ती हिरवी आहे तोवर कबरीतल्यांचा त्रास हलका व्हावा, असा तिचा आशय. काहीजण त्यावरून फुलांना परवानगी काढतात, काहीजण ती गोष्ट पैगंबरांपुरतीच मानतात. तो वाद आलिमांचा. माझा प्रश्न वेगळा आहे. ज्या दर्ग्यांत फुले चालतात, तिथे फुले घेऊन येणाऱ्या सगळ्यांना चालते का?

मुंबईच्या हाजी अलीच्या दर्ग्यात २०११-१२ च्या सुमारास बायकांना मजारीजवळ जायला बंदी झाली. बाईने टोपलीभर फुले घ्यायची, पैसे द्यायचे, दुरूनच हात जोडायचे. तिची फुले मजारीवर जात, ती बाहेर उभी राही. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या नूरजहाँ नियाज आणि झाकिया सोमण उच्च न्यायालयात गेल्या. २६ ऑगस्ट २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी घटनाबाह्य ठरवली. पुढे ट्रस्टने सर्वोच्च न्यायालयात निकाल मान्य केला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर बायका मजारीपर्यंत गेल्या.

त्याच वर्षी आमच्या जिल्ह्यात शनिशिंगणापूरचा चौथरा गाजत होता. तेल आणि रुईची माळ बाईच्या पैशाची चालत होती, बाई चौथऱ्यावर चालत नव्हती. उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर ८ एप्रिल २०१६ रोजी, गुढीपाडव्याला, चौथरा बायकांना खुला झाला. एक मंदिर, एक दर्गा, एकच वर्ष, एकच उंबरा. आमच्या भागातल्या एका दर्ग्यात मीही फुलांचे तबक एका पोराच्या हाती देऊन दाराशी थांबलेली आहे. तो दहा-अकरा वर्षांचा असेल. तो आत गेला, कारण तो मुलगा होता. तेव्हा मला वरातीतले जोतीराव आठवले नव्हते. आता आठवतात.

आणि जातीचे काय? महाराष्ट्रातल्या मुसलमानांत बागवान आहेत, अत्तार आहेत, तांबोळी, मणियार, मुजावर, पिंजारी आहेत. फळे, सुगंध, पाने, बांगड्या, फुलांच्या चादरी लोकांपर्यंत पोहोचवणारे हे समाज. मशिदीत सगळे एका रांगेत उभे राहतात याचा आम्हाला रास्त अभिमान आहे. पण सोयरिकीच्या वेळी 'त्यांचा धंदा काय' हे विचारले जाते आणि काही घरांत रांग तिथेच मोडते. जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली, तेव्हा 'इस्लाममध्ये जात नाही' असे सांगून त्यांना गप्प करू पाहणारे आमच्यातलेच होते. इस्लाममध्ये जात नाही, हे खरे. मुसलमानांत आहे, हेही खरे.

मढीचा ठराव

आता ताजी गोष्ट. पाथर्डी तालुक्यातली मढी. तिथे कानिफनाथांची समाधी आहे. मुस्लिम भाविक त्यांना शाह रमजान माही सवार म्हणून ओळखतात. होळीपासून पाडव्यापर्यंत चालणारी तिथली यात्रा भटक्या-विमुक्तांची मोठी यात्रा आहे, गाढवांचा बाजार तिथलाच. २२ फेब्रुवारी २०२५ रोजी मढीच्या ग्रामसभेत ठराव झाला की यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना दुकाने लावू द्यायची नाहीत. कारण दिले गेले की यात्रेआधी गावाने पाळायच्या रूढी हे व्यापारी पाळत नाहीत. प्रशासनाने तो ठराव रद्द ठरवला. कायदा म्हणून तो टिकला नाही, पण त्याने जे सांगायचे ते सांगून टाकले होते. त्याच वर्षी जूनमध्ये शनिशिंगणापूरच्या देवस्थानाने १६७ कर्मचाऱ्यांना काढले, त्यांत ११४ मुस्लिम होते. देवस्थानाने कारण गैरहजेरीचे आणि बेशिस्तीचे दिले. त्याआधी काही संघटनांनी मुस्लिम कर्मचाऱ्यांविरुद्ध मोर्चाचा इशारा दिला होता, हेही सगळ्यांना माहीत आहे.

यात्रेत पाल टाकणारा माणूस कोट्यधीश नसतो. बांगड्या, खेळणी, रेवड्या, हार-फुले. एका यात्रेवर त्याचे दोन-तीन महिने निघतात. त्याच्या मालात धर्म नसतो. बांगडी कुणाच्याही हातात जाते, फूल कुणाच्याही समाधीवर. ठराव मालाविरुद्ध नव्हता, माल घेऊन येणाऱ्या हाताविरुद्ध होता. पावणेदोनशे वर्षांपूर्वी वरातीत जे घडले त्याची जात बदलली, धर्म बदलला. रीत तीच राहिली.

फुलवाल्यांची वाट

दुसरी रीतही आपल्याकडे आहे आणि तीही जुनी आहे. दिल्लीत दुसऱ्या अकबरशहाच्या काळात, १८१२ च्या सुमारास, 'फूलवालों की सैर' सुरू झाली. इंग्रजांनी हद्दपार केलेला शहजादा मिर्झा जहांगीर परत यावा म्हणून त्याच्या आईने नवस केला होता. तो परत आल्यावर मेहरौलीच्या ख्वाजा बख्तियार काकींच्या दर्ग्यावर फुलांची चादर चढली आणि जवळच्याच योगमाया मंदिरात फुलांचा पंखा गेला. उत्सवाला नाव मिळाले ते फुलवाल्यांचे. १९४२ च्या आंदोलनाच्या काळात इंग्रज सरकारने तो बंद केला. १९६१-६२ च्या सुमारास पंडित नेहरूंच्या पुढाकाराने तो पुन्हा सुरू झाला. परक्या सरकारला फुलवाल्यांच्या मिरवणुकीची भीती वाटली, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

दिल्लीपर्यंत जायचीही गरज नाही. मालोजीराजे भोसल्यांनी नगरच्या शाह शरीफ पीरांच्या श्रद्धेतून मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली. नगरचा मोहरम दूरवर प्रसिद्ध आहे. कोठल्याच्या बारा इमामांच्या सवाऱ्यांवर फुलांच्या चादरी चढवायला सगळ्या धर्मांचे लोक येतात. त्या चादरीतला झेंडू हिंदू माळ्याच्या शेतातला असतो. केडगावच्या देवीच्या हारातली शेवंतीही त्याच पट्ट्यातली. फुले गुंफणाऱ्याच्या बोटांना दोन्हीकडे सारखीच सुई टोचते आणि सारखाच दोरा लागतो. हे ऐक्याचे भाषण नाही, रोजचा व्यवहार आहे. तो मोडायचा असेल तर ठराव करावे लागतात. चालू ठेवायला काहीच करावे लागत नाही.

मोबाईलवर फुले पाठवणारा माणूस पलीकडच्या अनोळखी फुलवाल्यावर भरवसा टाकतो. आईच्या वाढदिवसाला, मित्राच्या घरच्या दुःखात, आपण जिथे जाऊ शकत नाही तिथे आपल्या जागी त्याला पाठवतो. इतका नाजूक निरोप ज्याच्या हाती देता येतो, त्याला यात्रेत पाल टाकू द्यायची की नाही, हा प्रश्न कुणाला पडावा याचेच मला नवल वाटते. आणि ज्या बाईची फुले मजारीवर चालतात तिला दाराशी का थांबवावे, याचेही.

यंदा नवरात्राच्या आधी मी माझ्या वर्गाला एक काम देणार आहे. तुमच्या घरी किंवा गल्लीत येणारे एक फूल निवडा. ते शेतापासून दारापर्यंत कुणाकुणाच्या हातून आले ते शोधा. तोडणारी बाई, टेम्पोवाला, हमाल, आडत्या, हार गुंफणारी, घरी आणून देणारा. प्रत्येकाला नाव विचारा आणि वहीत लिहून आणा. अर्ध्या वर्गाने मराठीत लिहावे, अर्ध्याने उर्दूत. बागेतल्या माळ्यांची नावे निजामशाहीच्या इतिहासात राहिली नाहीत. निदान केडगावच्या एका वर्गाच्या वह्यांत तरी ती राहू द्या.